तांड्याचा इतिहास कोठे शोधावा?

जामनेर तालुक्यातील काही शाळा तांड्यांवर भरतात. आपल्या गावाचा इतिहास शिकविताना तेथील शिक्षकांस एक अडचण येते. मूळ गावाविषयी थोडेबहुत लिहिलेले सापडते. तांड्याविषयी मात्र फारसे काही हाती लागत नाही. त्यामुळे तांड्यास इतिहासच नाही, असा मुलांचा समज होणे इष्ट नव्हे.

नोंद न सापडण्याचे कारण कारभाराच्या रचनेत आहे. जमिनीचे दप्तर महसुली गावागणिक ठेवले जाते. ग्रामीण भागातील जनगणनाही त्याच घटकाने होते. ज्या तांड्यास हा दर्जा नाही, त्याची जमीन व माणसे मूळ गावाच्या नावावर मोजली जातात. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानंतरही असे तांडे बहुधा शेजारच्या गावाच्या पंचायतीतच राहिले. पुढे स्वतंत्र दर्जा मिळाला, तरी स्वतंत्र नोंद तेव्हापासून सुरू होते. मागील पाने कोरीच राहतात.

तो काळ मात्र कोरा नव्हता. बंजारा, अर्थात लमाण, लोक बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून दूरदूरच्या बाजारांत पोचवीत. मोगलांच्या व पुढे इंग्रजांच्या फौजांनाही त्यांनी रसद पुरविली. १८६० नंतर खानदेशात आगगाडी आली, सडका वाढल्या आणि हा व्यापार ओसरला. फिरती कुटुंबे हळूहळू शेती व मजुरीकडे वळून स्थिर झाली. बैलांचा काफिला तो तांडा. तोच शब्द आता वस्तीस लागू झाला.

शोधाचा आरंभ नावापासून करावा. पुष्कळ तांडे आपल्या नाईकाच्या नावाने ओळखले जातात. तो नाईक कोण, कोठून आला, विहीर कोणी खणली, हे वृद्ध स्त्रीपुरुषांस विचारावे. त्यांचे बोल बंजारा बोलीतच उतरून घ्यावे व शेजारी मराठी अर्थ द्यावा. दुसरे साधन शाळेतच आहे. जनरल रजिस्टरातील जन्मस्थळाच्या जुन्या नोंदींवरून कुटुंबे कोठून आली, याचा माग लागतो. पहिली मुलगी कोणत्या वर्षी दाखल झाली, हीही इतिहासातील घटनाच होय.

एक सावधगिरी बाळगावी. १८७१ च्या कायद्याने कित्येक फिरत्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. महाराष्ट्रात बंजारा समाजाची गणना विमुक्त जातींत होते. म्हणून स्थलांतराविषयीचे प्रश्न चौकशीच्या सुरात विचारू नयेत. दोन वृद्धांच्या सांगण्यात फरक पडल्यास दोन्ही हकिकती लिहाव्या. रजिस्टरातील खाजगी तपशील वर्गात वाचू नये.

अशा नोंदींची एक वही शाळेत ठेवावी व दरवर्षी तीत भर घालावी. दप्तरातील उणीव पुढेही भरून काढता येईल. वृद्धांच्या आठवणी मात्र त्यांच्याबरोबरच जातात. तेव्हा हे काम याच वर्षी हाती घेणे अगत्याचे आहे.