मधमाशीच्या डोळ्यांतील फूल

फुलांना रंग कशासाठी, असे कोणी विचारले तर 'मधमाश्यांना बोलावण्यासाठी' असे उत्तर आपण चटकन देतो. पण मधमाशीला रंग दिसतो, हे कशावरून? ती तर काही सांगत नाही! जर्मनीतील म्यूनिक शहरी कार्ल फॉन हेस नावाचे नामांकित नेत्रवैद्य होते. मधमाशीला रंग मुळीच ओळखता येत नाहीत, असे ते ठासून सांगत. तसे असते, तर बागेतील सारी रंगशोभा तिच्यापुरती व्यर्थच म्हणावी लागली असती.

त्याच शहरातील कार्ल फॉन फ्रिश या तरुण प्राणिशास्त्रज्ञांना हे पटेना. परंतु एवढ्या मोठ्या विद्वानाचे म्हणणे खोडून काढायचे, तर नुसते 'पटत नाही' म्हणून कसे भागणार? इ. स. १९१४ च्या सुमारास त्यांनी एक साधा प्रयोग केला. मेजावर कागदाचे चौकोनी तुकडे मांडले. त्यांत एकच निळा; बाकीचे सारे करडे, काही फिकट तर काही गडद. निळ्या तुकड्यावरील काचेच्या वाटीत साखरपाणी ठेवले. इतर वाट्या रिकाम्या. करड्या तुकड्यांची ही योजना मोठी मार्मिक होती. ज्याला रंग दिसत नाही, त्याला निळा कागदही करडाच दिसणार, आणि इतक्या छटांपैकी एखादी तरी हुबेहूब त्याच्यासारखी वाटणार. मग तो फसलाच म्हणून समजावे!

मधमाश्या तेथे येण्यास सरावल्या. तेव्हा फ्रिश यांनी कागद नवे घेतले, जागा बदलल्या आणि साऱ्याच वाट्या स्वच्छ व रिकाम्या ठेवल्या. मधमाश्या आल्या, त्या थेट निळ्या कागदावर! वासाचा संशय उरू नये म्हणून त्यांनी कागदांवर काच ठेवून पाहिली. तरीही त्या चुकल्या नाहीत.

लाल कागदाला सरावलेल्या मधमाश्या मात्र काळ्या व गडद करड्या कागदांवरही जाऊ लागल्या. त्यांच्या लेखी लाल हा रंगच नव्हे. पक्ष्यांना तो उत्तम दिसतो. आपल्याकडे पांगाऱ्याच्या लालभडक फुलांवर साळुंक्या नि बुलबुल गर्दी करतात, ती उगीच नाही.

परंतु युरोपातील शेतांत उगवणाऱ्या, खसखशीच्या कुळातील लाल रानफुलांवर मधमाश्या आवडीने जातात, ते कसे? याचा उलगडा पुढे झाला. इंद्रधनुष्यातील जांभळ्या पट्ट्याच्याही पलीकडे अतिनील प्रकाश असतो. माणसाला तो दिसत नाही. मधमाशीला दिसतो, आणि त्या फुलाच्या पाकळ्या तो परावर्तित करतात. सूर्यफुलाची पाकळी आपल्याला सर्वत्र सारखीच पिवळी दिसते. पण तिचे टोक अतिनील प्रकाश परत पाठवते आणि बुडाकडील भाग तो शोषून घेतो. त्यामुळे मधमाशीला फुलाच्या मध्याभोवती एक वेगळ्याच रंगाचे वर्तुळ दिसते. मध आणि पराग असतात ते त्या वर्तुळाच्या आतच.