सहा किलोमीटरची मागणी

दोन मोबाइल टॉवरमध्ये १७३२ मीटर अंतर. नवं मोबाइल तंत्रज्ञान ग्रामीण भागात कसं चालेल, हे संगणकावर तपासताना जगभरचे अभियंते वर्षानुवर्षं हा आकडा धरत आले आहेत. आकडा विचित्र दिसतो, पण तो शाळेतल्या भूमितीतून आला आहे. एक किलोमीटर बाजू असलेले षटकोन एकमेकांना खेटून मांडले, की शेजारच्या दोन केंद्रांमधलं अंतर तेवढं भरतं. युरोपातल्या सधन खेड्याला हा हिशेब चालून जात असेल. भामरागडच्या किंवा धडगावच्या माणसाला तो ऐकून हसू येईल. दर पावणेदोन किलोमीटरला टॉवर उभारायचा, त्याला वीज द्यायची, तिथवर फायबर न्यायची आणि हा सगळा खर्च वसूल कुणाकडून करायचा?

५जी कशाला म्हणायचं याच्या कसोट्या जिनीव्हाची आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना, म्हणजे आयटीयू, ठरवत होती. तेव्हा भारतानं मागणी केली की आमच्यासाठी हे अंतर ६००० मीटर धरा. त्यामागचा विचार सरळ होता. सरकारच्या भारतनेट योजनेची फायबर ग्रामपंचायतीपर्यंत पोचणार. तिथे एकच टॉवर उभा राहिला, तर आजूबाजूची गावं आणि वाड्या त्याच्या कवेत आल्या पाहिजेत. मागणी मान्य झाली. २०१७ च्या चाचणी-दस्तऐवजात ‘लो मोबिलिटी लार्ज सेल’ या नावानं ती आली. सेल मोठा, माणसं संथ. वापरणारे बहुतेक घरात किंवा पायी, ताशी ३ किलोमीटरच्या वेगानं; बाकीचे गाडीत, तेही ताशी ३० नं. आपल्या गावरस्त्यांची इतकी प्रामाणिक नोंद दुसऱ्या कुठल्या आंतरराष्ट्रीय कागदात असेल असं वाटत नाही.

ही मागणी पुढे कुठवर गेली, हे कळण्यासाठी मोबाइलची मानकं बनतात कशी ते थोडं पाहायला हवं. इथे दोन वेगळ्या संस्था आहेत आणि बातम्यांमध्ये त्यांची नेहमी गल्लत होते.

आयटीयू ही देशांची संघटना. १८६५ मध्ये पॅरिसला वीस राष्ट्रांनी ती स्थापन केली, कारण तेव्हा तार सरहद्दीवर अडायची. एका देशाचा तारबाबू संदेश कागदावर उतरवून पलीकडच्या तारबाबूच्या हातात देई, मग तो पुन्हा पाठवला जाई. आज ही संघटना संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली आहे. नव्या पिढीकडून काय अपेक्षा आहेत, हे ती ठरवते आणि आलेले प्रस्ताव कसोटीला लावते. ते तंत्र प्रत्यक्षात कसं चालेल, हजारो पानांत प्रत्येक बिट कुठे बसेल, हे ती लिहीत नाही.

ते लिहिते थ्रीजीपीपी. १९९८ च्या डिसेंबरात ३जीसाठी जमलेली ही जुळणी नाव न बदलता आता ६जीकडे निघाली आहे. युरोप, अमेरिका, चीन, कोरिया यांची प्रत्येकी एक, जपानच्या दोन आणि २०१५ पासून भारताची टीएसडीएसआय अशा सात मानक-संस्था तिच्या भागीदार आहेत. पण खोलीत बसून भांडतात त्या कंपन्या. एरिक्सन, नोकिया, क्वालकॉम, हुआवे, सॅमसंग यांचे अभियंते आज या शहरातल्या हॉटेलात, उद्या त्या शहरातल्या हॉटेलात आठवडाभर बसतात. एकेका बैठकीला शेकडो, कधी हजारांवर कागद येतात. बहुतेक कागदांच्या नशिबी ‘नोंद घेतली’ एवढाच शेरा असतो. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. मतदान झालंच तर ७१ टक्के मतं लागतात; पण शक्यतो मतदान होऊ द्यायचं नाही आणि सगळ्यांचा होकार मिळेपर्यंत बोलत राहायचं, असा इथला रिवाज आहे.

बोलणं किती लांबू शकतं, ते नोव्हेंबर २०१६ मध्ये अमेरिकेतल्या रीनो शहरात दिसलं. हवेतून येताना डेटा बिघडतो. तो दुरुस्त करण्यासाठी कुठलं गणित वापरायचं, हा प्रश्न होता. एका बाजूला एलडीपीसी नावाची पद्धत होती. रॉबर्ट गॅलेगर यांनी १९६० मध्ये एमआयटीतल्या प्रबंधात ती मांडली. तेव्हाच्या संगणकांना ती झेपणारी नव्हती म्हणून ती कित्येक वर्षं धूळ खात पडली. दुसरी बाजू पोलर कोडची. तो २००९ मध्ये तुर्कस्तानच्या बिल्केंट विद्यापीठातल्या एर्दाल आरिकान यांनी प्रसिद्ध केला आणि हुआवेनं उचलून धरला. गंमत म्हणजे आरिकान हे गॅलेगर यांचेच विद्यार्थी. गुरुशिष्यांच्या गणितांवरून दोन खंडांतल्या कंपन्या मध्यरात्र उलटेपर्यंत भांडत राहिल्या. शेवटी वाटणी झाली. ग्राहकाचा डेटा नेणाऱ्या वाहिनीला एलडीपीसी मिळालं आणि नियंत्रणाच्या छोट्या संदेशांना पोलर. २०१८ मध्ये चीनमध्ये लेनोवोवर टीकेची झोड उठली, का तर तिनं या वादात हुआवेला पुरेशी साथ दिली नाही. कंपनीच्या संस्थापकांना जाहीर खुलासा करावा लागला. एका कोडिंग पद्धतीवरून देशद्रोहाची चर्चा व्हावी, यावरून या कंटाळवाण्या कागदांत काय अडकलेलं असतं याचा अंदाज येतो.

अडकलेला असतो पैसा. मानकात ज्याची कल्पना शिरते, त्याचं पेटंट जगातल्या प्रत्येक फोनला लागू पडतं. वाजवी आणि सर्वांना सारख्या अटींवर परवाना देणं पेटंटधारकाला बंधनकारक असतं, पण ‘वाजवी’ म्हणजे किती यावर न्यायालयं वर्षानुवर्षं चालतात. मार्च २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं भारतीय फोन कंपनी लावाला एरिक्सनला २४४ कोटी रुपये द्यायला सांगितलं, ते अशाच पेटंटांसाठी. फोनवर ‘मेड इन इंडिया’ छापलं तरी आतल्या नियमांचं भाडं बाहेर जातंच.

मग आपलं वेगळं मानकच का काढू नये? हा मोह जुना आहे आणि त्याचे परिणाम आपण भोगलेले आहेत. या शतकाच्या पहिल्या दशकात ज्यांनी सीडीएमए फोन घेतला होता, त्यांना आठवेल. बहुतेक हँडसेट कंपनीशी जखडलेले, जीएसएमचं सिमकार्ड त्यात चालणार नाही, कंपनी बदलायची तर फोनही बदला. युरोपात जन्मलेलं जीएसएम जगभर पसरलं आणि त्याचे फोन स्वस्त होत गेले. सीडीएमए अमेरिका, कोरिया, भारत अशा काही देशांत चाललं आणि शेवटी ४जीच्या वेळी त्याचा वारसच उरला नाही. एकच चिप अब्जावधी फोनांत बसते म्हणून ती स्वस्त पडते. चारपाच कोटी फोनांसाठी वेगळी चिप काढायची, तर कुणीतरी तो जादा खर्च सोसतं, आणि तो ‘कुणीतरी’ बहुधा ग्राहकच असतो.

हे सगळं ठाऊक असूनही भारतानं ५जीआय हे स्वतःचं वेगळं मानक काढलं.

सहा किलोमीटरवर अडचण टॉवरची नसते. टॉवर दहावीस वॉटची ताकद लावू शकतो. आपल्या हातातला फोन सहसा ०.२ वॉटवर थांबतो. देवळावरच्या कर्ण्याचा आवाज शिवारभर जातो, पण शिवारातून मारलेली हाक देवळापर्यंत पोचत नाही, तसं हे आहे. त्यात ४जी-५जीच्या लहरींचा आकार खडबडीत असतो. मध्येच उंच शिखरं येतात. ती कापली जाऊ नयेत म्हणून फोनमधल्या अँप्लिफायरला आपल्या पूर्ण ताकदीच्या खालीच काम करावं लागतं. आयआयटी हैदराबादचे किरण कुची, आयआयटी मद्रास आणि तिथलंच सेविट हे संशोधन केंद्र यांनी लहर गुळगुळीत करण्यावर भर दिला. शिखरं कमी झाली की तोच अँप्लिफायर जास्त जोरानं चालवता येतो आणि फोनचा आवाज लांबवर पोचतो. या जातीचं मॉड्युलेशन थ्रीजीपीपीच्या मानकात आधीही होतं, पण ऐच्छिक. फोन कंपनीनं ते बसवलं तर बसवलं. भारतीय गटाचं म्हणणं होतं, ऐच्छिक गोष्ट स्वस्त फोनमध्ये कधीच येत नाही, तेव्हा सक्ती करा. माझ्या मते हा मुद्दा बिनतोड होता. थ्रीजीपीपीत तो मान्य झाला नाही, तेव्हा टीएसडीएसआयनं थ्रीजीपीपीच्याच मानकात बदल करून तो स्वतंत्र प्रस्ताव म्हणून थेट आयटीयूकडे नेला.

आणि तो मंजूर झाला. आयटीयूनं नोव्हेंबर २०२० मध्ये ज्या तंत्रांना ५जी म्हणून मान्यता दिली, त्यांत थ्रीजीपीपीच्या दोन प्रस्तावांच्या जोडीला ५जीआय होतं. दिल्लीत आनंदीआनंद झाला. २०२१ च्या मे महिन्यात चाचण्यांना परवानगी देताना दूरसंचार खात्यानं कंपन्यांना ५जीआयही तपासून पाहायला सुचवलं. पण कंपन्या नाराज होत्या आणि ती नाराजी खोटी नव्हती. जगभरच्या फोनात हे तंत्र नसणार, परदेशातून आलेल्याचा फोन इथे नीट चालेल याची खात्री नाही, यंत्रसामग्री वेगळी मागवावी लागणार. सगळ्यात मोठी अडचण पुढची होती. थ्रीजीपीपी दर दीड-दोन वर्षांनी नवी आवृत्ती काढते. प्रत्येक वेळी तिच्या मागे धावत आपलं वेगळं मानक कोण अद्ययावत ठेवणार?

डिसेंबर २०२१ मध्ये तोडगा निघाला. ५जीआयची वैशिष्ट्यं थ्रीजीपीपीच्या सतराव्या आवृत्तीत सामावून घ्यायची आणि टीएसडीएसआयनं ५जीआय पुढे वाढवायचं नाही. काहींनी याला माघार म्हटलं, काहींनी विजय. मला वाटतं, वेगळं होण्याची धमकी हाच ५जीआयचा खरा उपयोग होता आणि ती वेळेत मागे घेतली हे शहाणपण. पण त्या पाचसहा वर्षांत गेलेला वेळ भरून निघाला नाही. १ ऑक्टोबर २०२२ ला देशात ५जी सुरू झालं ते जुन्याच आवृत्त्यांवर. एअरटेलनं ४जीच्या खांद्यावर बसणारी जोडणी घेतली, जिचं मानक डिसेंबर २०१७ मध्ये लिस्बनला पक्कं झालं होतं. जिओनं स्वतंत्र ५जी घेतलं, ज्याचं मानक जून २०१८ चं. मुंबई, नागपूर अशी शहरं पहिल्या यादीत होती. सहा किलोमीटरवाल्यांचा नंबर नंतरचा.

महाराष्ट्रात या प्रश्नावर वेगळ्या वाटेनंही काम झालं आहे. आयआयटी मुंबईच्या अभय करंदीकर यांच्या गटानं पालघर जिल्ह्यातल्या गावांत टीव्ही प्रक्षेपणाच्या रिकाम्या राहिलेल्या लहरी वापरून इंटरनेट पोचवून दाखवलं. या लहरी झाडी आणि चढउतार ओलांडून लांब जातात. त्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाच्या अनुभवातून कमी खर्चाच्या ग्रामीण ५जीचा आराखडा पुढे आयईईई या आंतरराष्ट्रीय संस्थेकडे मानकासाठी गेला. प्रयोगातून मानकाकडे जाण्याचा हा रस्ता मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण तिथे आकडे गावातून आलेले असतात.

आता ६जीची पाळी आहे. आयटीयूनं नोव्हेंबर २०२३ मध्ये आपली चौकट जाहीर केली. तिच्या सहा उपयोगांत ‘सर्वत्र संपर्क’ हा एक आहे आणि त्यासाठी भारतानं नेट लावला होता. मार्च २०२५ मध्ये थ्रीजीपीपीची ६जीवरची पहिली कार्यशाळा कोरियातल्या इंचॉनला झाली. प्रत्यक्ष तपशील एकविसाव्या आवृत्तीत, म्हणजे या दशकाच्या अखेरीस येतील. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये आयटीयूची मानकांविषयीची चार वर्षांतून एकदा होणारी सभा पहिल्यांदा दिल्लीत भरली. समारंभ देखणा झाला. मात्र मोबाइलच्या रेडिओचे निर्णय त्या सभेत होत नाहीत, हे तेव्हाच्या बातम्यांत फारसं आलं नाही.

सरकारचा भर आहे तो जगातल्या ६जी पेटंटांपैकी १० टक्के भारताची असावीत या उद्दिष्टावर. मोजायला सोपं म्हणून ते ठीक. पण पेटंट दाखल करणं आणि ते मानकात घालणं यांत तोच फरक आहे, जो लेख लिहिणं आणि छापून येणं यांत असतो. त्यासाठी तीच माणसं वर्षानुवर्षं त्याच बैठकांना जावी लागतात. त्यांची ओळख, त्यांचा शब्द आणि भांडून झाल्यावर चहा प्यायची तयारी, सगळं कामी येतं. ‘सर्वत्र संपर्क’ हे शब्द चौकटीत आले म्हणून धडगावला टॉवर येत नाही. दोन टॉवरमध्ये किती किलोमीटर धरायचे, फोनला किती ताकद द्यायची, कुठली गोष्ट ऐच्छिक आणि कुठली सक्तीची, हे ठरताना पुन्हा वाद घालावा लागेल, आणि त्या कसोट्या ठरवण्याचं काम याच वर्षांत चाललं आहे.

पुण्या-मुंबईत दूरसंचाराचं सॉफ्टवेअर लिहिणारे अभियंते हजारोंनी आहेत आणि त्यांतले बहुतेक दुसऱ्यांनी लिहिलेलं मानक अमलात आणतात. थ्रीजीपीपीचे सगळे दस्तऐवज, बैठकीत आलेल्या आणि फेटाळल्या गेलेल्या कागदांसकट, इंटरनेटवर फुकट वाचता येतात. टीएसडीएसआयचं सदस्यत्व कंपन्यांना, नवउद्योगांना आणि महाविद्यालयांना खुलं आहे, आणि थ्रीजीपीपीत शिरायचं दार तेच आहे. इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या आपल्या महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी यांतला एखादा सुटायचा राहिलेला प्रश्न घ्यावा.