मनोरा दूर, यंत्र कानाशी

राजगडाच्या माचीवरून स्वच्छ हवेत पाहिले असता सिंहगड ओळखण्यास सायास पडत नाहीत, कारण माथ्यावरचा दूरदर्शनचा मनोरा ही आता त्या गडाची खूणच होऊन बसली आहे; त्याचे भय कोणी बाळगल्याचे ऐकिवात नाही, परंतु मोबाईलच्या मनोऱ्याचे नाव निघताच मात्र लोकांत दोन तट पडतात. शहरातला सोसायटीवासी तो आपल्या गच्चीवरून हलवावा म्हणून तक्रार गुदरतो, तर कानंद खोऱ्यात, गुंजण मावळात वा हिरडस मावळात डोंगराआड राहणारा मनुष्य रेंज मिळावी म्हणून त्याच मनोऱ्यासाठी अर्ज करतो. ह्या दोन्ही अर्जांचा निवाडा मोजमापानेच व्हावयास हवा.

मोबाईलच्या लहरी आणि क्ष-किरण दोन्ही विद्युतचुंबकीय प्रारणातच मोडतात; तथापि शरीरातील रेणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा पहिल्यांत नसते, आणि त्यांचा निर्विवादपणे सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊतींना येणारी उष्णता. शरीराच्या दर किलोमागे सुमारे ४ वॅट ऊर्जा शोषली गेली तर तापमान अंशभर चढते, असे गृहीत धरून आंतरराष्ट्रीय आयोगाने सर्वसामान्य जनतेसाठी त्याच्या पन्नासाव्या हिश्श्याची मर्यादा घातली. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने ह्या लहरींना ‘कर्करोगास कदाचित कारणीभूत’ अशा वर्गात घातले. तो वर्ग मर्यादित पुराव्याचा असला तरी सावधगिरीस तेवढे निमित्त पुरेसे होते. आपल्या सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून मनोऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेचा केवळ दहावा हिस्सा मुक्रर केला. ९०० मेगाहर्ट्‌झ लहरींना तो दर चौरस मीटरास ०.४५ वॅट एवढा पडतो.

हे मोजणारा तंत्रज्ञ काठीच्या टोकाशी बसविलेला गोळा हाती धरून उभा राहतो. त्या गोळ्यात तीन दिशांच्या तीन लहान अँटेना असल्याने लहर कोणीकडूनही आली तरी ती निसटत नाही, आणि क्षणाक्षणाला बदलणाऱ्या आकड्यांची सहा मिनिटांची सरासरी काढली जाते. समजा, मनोऱ्याच्या मुख्य झोताची प्रभावी शक्ती १००० वॅट आहे. तर १०० मीटरांवर दर चौरस मीटरास सुमारे ०.००८ वॅट, म्हणजे मर्यादेच्या पन्नासाव्या हिश्श्याहूनही कमी, आणि अंतर दुप्पट केल्यास त्याचीही चौथाई. हा झोत बहुतांशी आडवा जात असल्यामुळे मनोऱ्याच्या अगदी पायाशी प्रारण थोडे असते. परंतु मनोरा खोऱ्यात आणि वाडी चढावर, अशी जी रचना ह्या मुलखात सहज संभवते, तीत अँटेनाच्या उंचीला येणारे घर थेट झोतात सापडू शकते. मोजणी करावयाची ती अशाच ठिकाणी.

आता दुसरी बाजू. मनोरा दूर असला म्हणजे निर्धास्त राहावे, हा समज पुरता खरा नव्हे. कारण एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावरच्या गुराख्याला साद घालणाऱ्यास जसा आवाज चढवावा लागतो, तसाच रेंज तुटक असली म्हणजे हातातल्या यंत्रालाही जोर चढवावा लागतो. जुन्या टूजी पद्धतीचे यंत्र मनोऱ्याजवळ काही मिलिवॅटांवर भागवी, तर लांबून क्षणिक २ वॅटपर्यंत जाई; आणि हे सारे कानापासून बोटभर अंतरावर. म्हणून आपल्याकडे यंत्रालाही मर्यादा आहे: ऊतीच्या एका ग्रॅमवरील सरासरीने दर किलोस १.६ वॅट. यंत्रावर *#०७# दाबले असता त्या यंत्राचा आकडा दिसतो. रेंज एकच दांडी दाखवीत असता दीर्घ संभाषण टाळणे, नाही तर कानात इअरफोन घालून यंत्र दूर ठेवणे, हाच येथील सर्वांत स्वस्त उपाय होय.

मनोऱ्याच्या बाबतीत कंपनीने मर्यादापालनाचा दाखला सरकारदरबारी सादर करावयाचा असतो व दूरसंचार विभाग निवडक ठिकाणी तपासणी करतो. मे २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘तरंग संचार’ ह्या सरकारी संकेतस्थळावर मनोऱ्याची माहिती पाहण्याची, आणि ४,००० रुपये शुल्क भरून आपल्या जागी मोजणी करवून घेण्याची सोय नागरिकास मिळाली. तेव्हा ग्रामसभेत मनोऱ्याचा विषय निघाल्यास तो मागणाऱ्याने आणि त्याला भिणाऱ्याने एकाच अर्जावर सही करण्यास हरकत नसावी: मनोरा उभा राहावा, आणि चढावरच्या शेवटच्या घराच्या अंगणात मोजणी होऊन तिचा आकडा पंचायतीच्या फलकावर लागावा.