एकाच पुडक्याचे तीन भाव

पुण्याच्या नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत. मध्यंतरी स्कूटरचे ब्रेक शू आणायला मी तिथे गेलो. माझ्या पुढे ऑइलने हात माखलेला एक पोरगा होता. त्याने तेच ब्रेक शू उचलले आणि पैसे न देताच निघून गेला. दुकानदाराने वहीत एक ओळ खरडली आणि मला विचारलं, "गॅरेज कुठलं आपलं?"

"गॅरेज नाही हो, माझीच गाडी आहे," मी खरं ते सांगितलं आणि तिथेच फसलो! मला छापील किंमत पडली, २६० रुपये. वहीतला आकडा उलट्या बाजूनेही वाचता येत होता : २०५.

मी हुज्जत घातली. दुकानदार शांतपणे म्हणाला, "काका, तुम्ही वर्षातून एकदा येणार, तो दिवसातून दोनदा येतो. तालुक्याचा दुकानदार खोकंच्या खोकं उचलतो, त्याला याहून कमी." कायदाही त्याच्याच बाजूचा. पुडक्यावर असते ती 'कमाल' किरकोळ किंमत, सर्व करांसह. तिच्यावर एक रुपया घेतला तर गुन्हा; खाली कुणाला किती सोडायचं, ही दुकानदाराची मर्जी.

म्हणजे आमचे मिस्त्री इतकी वर्षं प्रत्येक पुडक्यामागे पैसे काढत होते तर! मनात कुठेतरी दुखलं. घरच्यासारखा माणूस.

तणतणतच ते ब्रेक शू घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ते बसवले आणि म्हणाले, "दीडशे द्या."

"नेहमी तर शंभर घेता!"

"नेहमी पार्ट मी आणतो, काका. खराब निघाला तर दुकानात हेलपाटाही मीच घालतो. आता तो तुमच्याकडे."

हिशेब केला. एरवी ३६० रुपयांत होणारं काम मला ४१० रुपयांना पडलं होतं, वर नाना पेठेची खेप वेगळीच.

घरी येताना एक गोष्ट लक्षात आली. छापील किमतीवर आपण कधी घासाघीस करत नाही. मजुरीवर मात्र हमखास करतो. "एवढ्याशा कामाचे दीडशे?" हे वाक्य मीच कितीदा ऐकवलं असेल! हातातल्या कसबाचे पैसे उघड मागितले तर मिळत नाहीत, म्हणून मिस्त्री ते पुडक्यात लपवतो.

यात लबाडीला वाव आहेच. कंपनीच्या दरात लोकल माल बसवणारे असतात, चांगला भाग उगाच बदलणारेही असतात. म्हणून पुडकं आपल्यासमोर फोडायला सांगावं, जुना भाग परत मागावा, मजुरी वेगळी लिहून घ्यावी. पण एकदा ती वेगळी लिहिली, की मग तिथे पाच-दहा रुपयांसाठी अडून बसू नये.

मी त्या दिवशी दीडशे दिले. जरा उशिराच, पण न कुरकुरता.