आरास कधी मांडावी?

श्रावण सरत आला, पोळा तोंडावर आला, की आपल्याकडे घरोघरी एकच विषय सुरू होतो. यंदा गणपतीची आणि महालक्ष्म्यांची आरास कशी करायची? कशी करायची यावर घरात चार-चार दिवस चर्चा होते. कधी करायची यावर मात्र कोणी बोलत नाही. ती बहुधा आदल्या रात्रीच होते.

आरासीच्या दिवसाचा आणि आरोग्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. दवाखान्यात बसून सणासुदीचे रुग्ण पाहणाऱ्या माझ्यासारखीला तो फार जवळचा वाटतो. भाद्रपदात दम लागलेल्या, स्टुलावरून पडून मनगट दुखावलेल्या, पुरणाच्या भांड्याने भाजलेल्या, चक्कर येऊन बसलेल्या बाया येतात. 'कसे झाले?' असे विचारले की एक वाक्य हमखास ऐकू येते, "रात्रभर जागून आरास केली, डॉक्टरीणबाई."

कॅलेंडर पाहून दिवस मोजा

गणपती भाद्रपद शुद्ध चतुर्थीला बसतात. महालक्ष्म्या मात्र नक्षत्रावर येतात. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन. त्यामुळे दोहोंतील अंतर दरवर्षी सारखे नसते. २०२३ साली गणपती १९ सप्टेंबरला बसले आणि महालक्ष्म्या २१ला आल्या. २०२४ साली ७ आणि १० सप्टेंबर, तर २०२५ साली २७ आणि ३१ ऑगस्ट अशा तारखा होत्या. म्हणजे कधी दोन दिवस मिळतात, कधी चार. 'गणपती बसले की लक्ष्म्यांचे बघू' असे म्हणणाऱ्या घरात दोन दिवसांच्या वर्षी हमखास जागरण होते. म्हणून दोन्ही आराशींचे जड काम गणपतीच्या आधीच उरकावे, हे उत्तम.

आठ दिवस आधी : धूळ आणि उंची

पोटमाळ्यावरून पेट्या उतरवणे, जळमटे काढणे, भिंती झाडणे ही कामे सणाच्या किमान आठ दिवस आधी करावीत. वर्षभर बांधून ठेवलेल्या पडद्यांत आणि झालरींत धूळ असते, तसेच पावसाळी ओलीने धरलेली बुरशीही असते. माळवदाच्या घरात तर झाडताना वरून मातीही गळते. ही बारीक धूळ बराच वेळ हवेत तरंगत राहते. दम्याच्या रुग्णाला तिने धाप लागते, लहान मुलांना खोकला येतो. आदल्या रात्री झाडझूड केली तर सणाचा दिवस औषधाच्या पंपावर काढावा लागतो. आठ दिवस आधी केली तर घर पुन्हा स्वच्छ पुसायला आणि वारा खेळवायला वेळ मिळतो. कपडे उन्हात घालावेत, कोरड्या फडक्याऐवजी ओले फडके वापरावे आणि झाडताना नाकातोंडावर पदर किंवा रुमाल घट्ट बांधावा. दम्याच्या माणसाने त्या वेळी घरात थांबू नये. घराला रंग द्यायचा असेल तर तोही याच्या आधीच द्यावा. ओल्या रंगाच्या वासात झोपणे बरे नव्हे.

उंचीवरची कामेही याच वेळी, दिवसाउजेडी करावीत. खुर्चीवर स्टूल ठेवून चढणे म्हणजे हाड मोडून घेण्याची तयारी. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडे ठिसूळ होत जातात. पन्नाशीनंतर साध्या पडण्यानेही मनगट किंवा खुब्याचे हाड मोडू शकते. शिडी घ्यावी, ती धरायला दुसरे माणूस असावे आणि वर घरातल्या तरुणाने चढावे. आरास बाईने मांडायची आणि कौतुक सगळ्यांनी करायचे, ही रीत आता बदलावी.

दोन दिवस आधी : मांडणी आणि दिवे

लोखंडी कोठ्या, पाट, पडदे आणि विजेच्या माळा दोन दिवस आधी उभ्या कराव्यात. मुखवटे, साड्या, दागिने आणि फुले ज्या त्या वेळी. माळा लावून पाहायला दिवसाचा उजेड आणि शांत डोके लागते. जुन्या माळेची वायर कुठे उघडी पडली असेल आणि ती लोखंडी कोठीला टेकली असेल, तर कोठीत वीज उतरते. हळदीकुंकवाला वाकणाऱ्या बाईचा हात तिथेच लागतो. म्हणून जोड नीट टेपने गुंडाळावेत, कोठीवरून वायर नेऊ नये आणि पाणी शिंपडण्यापूर्वी बटण बंद करावे. समई साडीच्या पदरापासून आणि पडद्यापासून हातभर दूर असावी. थर्माकोलच्या मखरावर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. ते चटकन पेटते आणि त्याचा धूर घातक असतो, हेही लक्षात असावे. भाजलेच तर टूथपेस्ट न लावता वीस मिनिटे नळाच्या साध्या पाण्याखाली धरावे. मोठे भाजले असेल तर १०८ला फोन करावा.

आदली रात्र झोपेची

पूजनाच्या दिवशी पहाटेपासून पुरण, सोळा भाज्या, आंबील यांची धांदल असते. त्यातच नैवेद्य होईपर्यंत अनेकींचा उपवास. आदल्या रात्री झोप नसेल तर हात चुकतो, रक्तदाब आणि साखर वाढते. मधुमेहाच्या गोळ्या घेऊन उपाशी राहिले तर उलट साखर एकदम उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात. अशा बाईने उपवासाबद्दल डॉक्टरांना आठवडाभर आधी विचारावे. तसे वाटू लागलेच तर लगेच साखरपाणी घ्यावे. देवीला राग येणार नाही.

हे मी उगीच म्हणत नाही. आपली तुळजाभवानीच पाहा. नवरात्रापूर्वी भाद्रपद वद्य अष्टमीपासून अमावास्येपर्यंत देवी मंचकी निद्रा घेते आणि मग घटस्थापनेला सिंहासनावर येते. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर पौर्णिमेपर्यंत पुन्हा निद्रा. तिला तर श्रमनिद्राच म्हणतात. देवीच्या निद्रेच्या त्याच दिवसांत आपल्या घरातली बाई मात्र नवरात्रासाठी गोधड्या धूत असते, भिंती पुसत असते. सोयाबीनची काढणी आली तर दिवस रानात आणि रात्र घरकामात. ज्या जिल्ह्याची देवी उत्सवाच्या आधी आणि नंतर झोप घेते, तिथल्या बाईने दोन रात्री पुरेशी झोप घेतली तर त्यात आळस कसला? घर धुण्याचे काम पितृपक्षाच्या सुरुवातीपासून थोडे थोडे वाटून घ्यावे. दिवाळीचा आकाशकंदीलही वसुबारसेच्या एक-दोन दिवस आधी, उजेडातच टांगावा.

उतरवणेही वेळेवर

आरास फार दिवस तशीच ठेवू नये. फुलदाणीत, शोभेच्या कारंज्यात साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा तरी पाणी ओतून भांडे घासून कोरडे करावे. पडदे धुऊन, उन्हात वाळवून मगच पेटीत ठेवावेत. पुढच्या वर्षीची धूळ तेवढी कमी.

तेव्हा वाचकहो, कॅलेंडर भिंतीवरून काढा आणि सणापासून मागे मोजून तीन खुणा करा : आठ दिवस आधी धूळ आणि उंची, दोन दिवस आधी मांडणी, आदल्या रात्री झोप. कोणत्या खुणेला घरातले कोण काय करणार, तेही शेजारी लिहा. सगळी नावे एकाच बाईची येऊ देऊ नका.