सभेची सूचना आणि दिवसांची गणना

कंपनीच्या भागधारकांची सभा बोलावण्यापूर्वी किती दिवस सूचना द्यावयाची, हा प्रश्न वरवर पाहता अंकगणिताचा वाटतो. वस्तुतः तो पुष्कळ अंशी अर्थनिर्णयाचा आहे. 'एकवीस दिवस' ह्या पदात कोणते दिवस धरावयाचे आणि कोणते वगळावयाचे, ह्यावर सभेत संमत झालेल्या ठरावांची वैधता अवलंबून असते.

१९५६ च्या कंपनी कायद्याच्या कलम १७१ मध्ये 'एकवीस दिवसांहून कमी नाही' एवढ्या मुदतीची लेखी सूचना आवश्यक मानली होती. ह्या नकारात्मक शब्दयोजनेचा अर्थ मद्रास उच्च न्यायालयाने त्यापूर्वीच, मद्रास रेस क्लबच्या खटल्यात, स्पष्ट केला होता. मुदत 'कमी नसावी' असे म्हटले की सूचना पोहोचल्याचा दिवस आणि सभेचा दिवस असे दोन्ही टोकांचे दिवस वगळून मधले दिवस पुरे भरले पाहिजेत. २०१३ च्या कायद्याने कलम १०१ मध्ये 'क्लिअर' हे विशेषणच मुदतीला जोडले. मराठीत त्यास 'निव्वळ दिवस' म्हणता येईल. जो अर्थ पूर्वी न्यायनिर्णयातून काढावा लागे, तो आता संहितेतच आला.

ह्यात टपालाची भर पडते. सभेची सूचना टपालाने पाठविल्यास, ती टाकल्यापासून ४८ तासांनी पोहोचली असे नियम गृहीत धरतो. १ सप्टेंबर रोजी टपालात पडलेली सूचना ३ तारखेस पोहोचली असे मानले जाते. ४ ते २४ हे एकवीस निव्वळ दिवस होतात आणि सभा २५ तारखेच्या आधी घेता येत नाही. मुदत कमी करावयाची झाल्यास वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी मताधिकार असलेल्या सभासदांपैकी निदान ९५ टक्क्यांची संमती लागते.

आता मराठीची गणना पाहावी. 'आजपासून आठ दिवसांनी' असे म्हणणारा मनुष्य पुढील आठवड्याचा तोच वार सांगत असतो. सात दिवसांच्या कालखंडास 'आठवडा' आणि दोन आठवड्यांस 'पंधरा दिवस' म्हणण्याचे कारण हेच, की ह्या मोजणीत दोन्ही टोकांचे दिवस धरले जातात. कायदा दोन्ही टोके वगळतो. लोकभाषा दोन्ही धरते. एकाच अंतराला कायदा तेरा निव्वळ दिवस म्हणेल, पंचांग चौदा म्हणेल आणि बोली पंधरा म्हणेल.

हा भेद केवळ शाब्दिक नाही, हे गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरासारख्या तालुक्याचा विचार करता ध्यानात येते. धान पिकविणारे शेतकरी किंवा वनोपज गोळा करणारी कुटुंबे कायद्यानुसार उत्पादक कंपनी स्थापू शकतात. निदान दहा उत्पादक त्यासाठी पुरतात. अशा कंपनीच्या वार्षिक सभेस 'चौदा दिवसांहून कमी नाही' इतकी पूर्वसूचना लागते. येथे 'क्लिअर' हे विशेषण नाही; परंतु मद्रासच्या निर्णयातील तर्क लावल्यास चौदा दिवस निव्वळच धरावे लागतील. एका बाजाराच्या दिवशी हातोहात सूचना देऊन तिसऱ्या बाजाराच्या, म्हणजे दोन आठवड्यांनंतरच्या त्याच वारी, सभा ठेवली तर बोलीच्या हिशेबाने पुरे पंधरा दिवस होतात. ह्या तर्काने मात्र मधले दिवस तेराच भरतात. एका दिवसाच्या ह्या तुटीमुळे सभेतील सारे ठराव वादात सापडू शकतात. ज्या कंपनीत सर्व सभासद व्यक्ती आहेत, तेथे भाग कितीही असले तरी प्रत्येकास एकच मत असते; म्हणून एका सभासदाला मिळालेली अपुरी सूचना ही त्याच्या मताचीच हानी ठरते.

दुसरा प्रश्न सूचनेच्या भाषेचा. सूचनेत सभेचे स्थळ, तारीख, वेळ आणि विषयपत्रिका असावी असे कायदा सांगतो. ती कोणत्या भाषेत असावी ह्याविषयी तो मौन पाळतो. अपवाद इलेक्ट्रॉनिक मतदानाचा. तेथे नोंदणीकृत कार्यालयाच्या जिल्ह्यातील प्रमुख देशी भाषेच्या वृत्तपत्रात, तसेच इंग्रजी वृत्तपत्रात, जाहिरात द्यावी लागते. गडचिरोलीत ही प्रमुख भाषा मराठी. पण मुलचेरा परिसरात गोंडी व माडिया बोलणारे लोक आहेत, आणि पूर्व पाकिस्तानातून विस्थापित होऊन आलेल्या बंगाली कुटुंबांच्या वसाहतीही आहेत. 'प्रमुख भाषा' हे एकवचन अशा प्रदेशात अनेक सभासदांना बाहेर ठेवते.

सूचनेची मुदत हा सभासदाला विचार करण्यासाठी दिलेला अवधी आहे. विषय समजून घेणे, हिशेब पाहणे, इतरांशी बोलणे ह्यासाठी तो असतो. न समजलेल्या भाषेतील सूचना चौदा दिवस घरात पडून राहिली तरी हा हेतू साधत नाही. म्हणून मराठीत सूचना लिहिताना 'पंधरा दिवस आधी' अशी सैल भाषा टाळावी, पाठविल्याची तारीख व सभेची तारीख वारासह द्यावी, मधले निव्वळ दिवस मोजून घ्यावेत, आणि विषयपत्रिकेचा आशय सभासदांच्या बोलीतही पोहोचवावा. पहिल्या तीन गोष्टींनी कायद्याचे अक्षर पाळले जाते. चौथीने त्याचा हेतू.