वाटेतली वाडी

रविवारी सकाळी शिळफाट्यावर वडापावच्या गाडीपाशी उभा असलो की सॅकवाली पोरं हमखास गाठतात. खोपोलीच्या पहिल्या लोकलनं आलेली असतात. बूट कोरे, पावसाळी जॅकेटं भडक. ‘‘काका, झेनिथ धबधबा कुठून?’’ ‘‘नागफणीची वाट कुठली?’’ मी हातातला चहा सांभाळत वाट सांगतो आणि ती जाताना माझाही एक फोटो काढतात. ज्या रस्त्यावरून मी दळण आणतो, तो त्यांच्यासाठी मोहिमेचा पहिला टप्पा असतो. आधी गंमत वाटायची. मग हिशेब करायला बसलो, तर लक्षात आलं की गेली पंचवीस वर्षं मीही हेच करत आलोय. फक्त दुसऱ्यांच्या दारात.

सुरुवात 1998ची. त्या वर्षी मे महिन्यात सुरेंद्र चव्हाणांनी एव्हरेस्ट गाठलं आणि वर्तमानपत्रातला तो फोटो आम्ही चौघा मित्रांनी वहीत चिकटवला. एव्हरेस्ट लांब होतं, इर्शाळगड जवळ होता. दिवाळीनंतरच्या एका रविवारी हंटर शूज घालून, मागून आणलेल्या सॅका पाठीवर टाकून आम्ही चौकला एसटीतून उतरलो. नानिवलीच्या पुढे चढ लागला. अर्ध्या वाटेत डोक्यावर मोळी घेतलेली एक ठाकर बाई अनवाणी उतरताना भेटली. आम्ही बाजूला होऊन तिला वाट दिली, मग दम खाल्ला, फोटो काढले, बिस्किटं संपवली, वाट चुकलो, परत आलो. तेवढ्यात तीच बाई मोळी विकून, तेल-मीठ घेऊन मागून वर आली. आम्हाला बघून म्हणाली, ‘‘आरं, अजून इथंच तुमी?’’

तिच्या मागोमाग आम्ही इर्शाळवाडीत पोचलो. तिनं कळशीतलं पाणी दिलं. वर जाऊन सुळक्याचं नेढं बघितलं आणि घरी येऊन आम्ही जे वर्णन केलं, त्यात कातळ होता, वारा होता, थरार होता. ती बाई नव्हती.

2003 साली उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत 28 दिवसांचा बेसिक कोर्स केला. पहिले दिवस टेखलाच्या कातळावर गेले, मग भुक्की गावातून चढ. तेलचा मुक्काम, पुढे गुज्जर हट, त्यापुढे बेस कॅम्प आणि सरतेशेवटी डोकरियानी बामक. गढवालीत हिमनदीला बामक म्हणतात. सुमारे 5 किलोमीटर लांबीची ही हिमनदी. तिच्यातून निघालेली दिनगाड खाली जाऊन भागीरथीला मिळते.

हिमनदी म्हणजे पांढरीशुभ्र चादर अशी माझी समजूत होती. समोर आला तो खडीच्या खाणीसारखा राखाडी पसारा. वर दगडगोटे, खाली बर्फ, त्याच्याही खाली कुठंतरी पाण्याची सतत घरघर. पाय ठेवावा तर दगड सरके आणि त्याखाली हिरवट काचेसारखा बर्फ दिसे. पहाटे, ऊन चढायच्या आत, बुटांना क्रॅम्पॉन बांधून एका दोरात सगळे निघायचे. पहिले दोन दिवस मी एका पायाच्या दातऱ्यांनी दुसऱ्या पायाची पँट फाडून घेतली. चालायचं कसं, हे विसाव्या वर्षानंतर पुन्हा शिकावं लागलं: पाय थोडे फाकवून, सगळे दात एकदम रोवून, घाई न करता. घसरलोच तर कुऱ्हाडीचं टोक बर्फात घालून अंगाचा भार त्यावर टाकायचा. पडायचा सराव इतक्या वेळा करून घेतला की पडण्याची लाज गेली. कोर्समधून कायमचं अंगात मुरलं ते एवढंच.

तरी त्या मुक्कामांतलं आज सगळ्यांत जास्त आठवतं ते एक नाव: गुज्जर हट. तेव्हा ते मुक्कामाच्या यादीतलं नुसतं ठिकाण होतं. म्हशी घेऊन उन्हाळ्यात वर चढणाऱ्या वनगुज्जरांच्या झोपड्यांवरून ते पडलंय, हे नावातच लिहिलेलं होतं. आमच्या पाठीवर वीस किलो होते आणि छातीवर बिल्ला लागणार होता. आमचं रॉकेल, तांदूळ वाहणारे गावकरी रबरी बुटांत आमच्या आधी पोचायचे आणि चूल पेटवून आमची वाट बघायचे.

पुढची दहा वर्षं नोकरी, लग्न, मूल यांत गेली. त्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सॅक माळ्यावर होती.

2014 साली गुडघ्यानं कुरकुर सुरू केली, म्हणून डोंगराऐवजी पाणी धरलं. घाट चढून लोणावळा, दुधिवरे खिंड ओलांडून पवना जलाशय. एका बाजूला लोहगड-विसापूर, दुसऱ्या बाजूला तुंग-तिकोना. कयाकमध्ये बसलं की पाणी कमरेच्या उंचीवर येतं आणि जगाकडे बदकाच्या नजरेनं बघावं लागतं. दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं डावी-उजवीकडे फिरवायचं. हातानं ओढशील तर अर्ध्या तासात खांदे जातात. कमरेतून वळशील तर दिवसभर चालतं. सकाळी पाणी आरशासारखं होतं. दुपारी वारा सुटला आणि कयाकचं नाक वाऱ्याकडे वळायला लागलं. ते सरळ करण्याच्या नादात मी आडवा झालो आणि सरळ पाण्यात. लाइफ जॅकेट होतं म्हणून हसत बाहेर आलो.

काठावर एक म्हातारे गृहस्थ शेळ्या घेऊन बसले होते. कपडे पिळताना विचारलं, ‘‘आजोबा, इथं खोल किती असेल?’’ ते म्हणाले, ‘‘जिथं उलटलास, तिथं आमचं भाताचं खाचर होतं.’’ 1970च्या दशकाच्या सुरुवातीला धरणात पाणी अडलं आणि खाचरं खाली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनं वाघेश्वराचं देऊळ चिखलातून वर येतं, तेव्हा लोक दर्शनाला जातात. याच धरणाचं पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला न्यायला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला आणि 9 ऑगस्ट 2011 रोजी द्रुतगती मार्गावर झालेल्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. हे सगळं मी पेपरात वाचलेलं होतं. तरी कयाक भाड्यानं घेताना आठवलं नव्हतं.

4 ऑक्टोबर 2022. द्रौपदी का डांडा-2 या शिखरावर आमच्याच संस्थेच्या प्रशिक्षणार्थींच्या तुकडीवर हिमस्खलन कोसळलं. 27 मृतदेह मिळाले, दोघे सापडलेच नाहीत. मृतांत प्रशिक्षक सविता कंसवाल होती. उत्तरकाशी जिल्ह्यातल्याच खेड्यातली मुलगी. त्याच वर्षी मे महिन्यात 16 दिवसांच्या आत एव्हरेस्ट आणि मकालू चढून आलेली. बातमी वाचून माळ्यावरची कुऱ्हाड काढली, पुसली, परत ठेवली.

पुढच्याच पावसाळ्यात, 19 जुलै 2023च्या रात्री, इर्शाळवाडीवर डोंगर आला. घरं झोपेत होती. वाडीला रस्ता नव्हता, त्यामुळे जेसीबी खालीच अडले. हवा इतकी खराब की हेलिकॉप्टर उडेना. जे वर जाणार ते पायानं आणि पाठीवरून. चढताना अग्निशमन दलाचा एक अधिकारी हृदयविकारानं गेला. पहाटे खोपोली-चौककडचे डोंगर फिरणारे सगळे नानिवलीला जमले, तेव्हा मीही सॅक घेऊन गेलो. त्या सॅकेत त्या दिवशी पाण्याच्या बाटल्या, फावड्याची पाती आणि बिस्किटं होती. 1998ची वाट चिखलाचा ओढा झाली होती. पाय फाकवून, सगळा तळवा रोवून, घाई न करता चढत राहिलो.

चार दिवसांनी शोध थांबवला. 27 मृतदेह हाती लागले, 57 जण बेपत्ता राहिले. वाचलेल्यांची सोय चौकला कंटेनरमध्ये झाली. मोळीवाल्या बाईचं नाव मी कधी विचारलं नव्हतं, त्यामुळे कुठल्याच यादीत तिला शोधता आलं नाही.

आता गुडघे बऱ्यापैकी गेलेत. पवनेला अधूनमधून जातो. बाकी रविवारी शिळफाट्यावर चहा. मागच्या महिन्यात तीन पोरांनी विचारलं, ‘‘काका, इर्शाळची वाट?’’

सवयीनं सुरू केलं, ‘‘चौकवरून नानिवली, मग वाडीत पाणी प्या आणि…’’

मग थांबलो. म्हटलं, ‘‘पाणी इथूनच भरून घ्या.’’